आमच्या सिस्टर

"ही लायब्ररी. शंभर वर्षं जुनी," भावानं थांबून, आवाज खाली आणत सांगितलं. "ते कोपऱ्यावरचं संगीत सभागृह. आणि या गल्लीत गाडीचा हॉर्नसुद्धा कुणी वाजवत नाही, ताई."

ताईनं मान हलवली. छत्तीस वर्षं सरकारी दवाखान्यात नर्स म्हणून काढलेल्या बाईला शांततेची सवय नव्हती. तिच्या वॉर्डात शांत झालं, की कुणीतरी गेलेलं असायचं.

ती परवाच आली होती, आठ दिवसांसाठी. भावाच्या सासूबाई अंथरुणाला खिळलेल्या. त्यांचं करणारी बाई अचानक सोडून गेली, म्हणून भावाचा फोन आला होता : "दुसरी मिळेपर्यंत ये." आई गेली तेव्हा हा भाऊ सहा वर्षांचा होता. ताईनंच त्याला लहानाचा मोठा केला, शिकवला. त्या नादात तिचं लग्न राहून गेलं, पण त्याबद्दल तिनं कधी चकार शब्द काढला नाही. भाऊ आता प्राध्यापक होता.

इमारतीच्या फाटकाशी एक शेजारी भेटले, हातात व्हायोलिनची पेटी.

"पाहुण्या का?"

"या आमच्या सिस्टर," भाऊ म्हणाला.

"अरे वा, मिळाल्या का शेवटी! चांगली नर्स मिळायला नशीब लागतं हो. किती वेळ असतात?"

भावानं क्षणभर ताईकडे पाहिलं. "चोवीस तास."

"मग सुटलात तुम्ही!"

लिफ्टचं दार बंद झाल्यावर ताई म्हणाली, "माझी मोठी बहीण, असं सांगायला तुझी जीभ झडली असती का रे?"

"सिस्टरच म्हणालो ना? खोटं काय त्यात?" भाऊ हसला. दुसऱ्या कुणाची गोष्ट असती तर तिलाही हसू आलं असतं.

आठाचे अठरा दिवस झाले. दुसरी बाई काही मिळेना, आणि कुणी शोधतंय असंही दिसेना. ताईची कॉट सासूबाईंच्या खोलीतच टाकली होती. दर दोन तासांनी त्यांना कुशीवर वळवायचं, पाठ पुसायची, पावडर लावायची. भावजय स्वभावानं गोड होती. "ताई, तुमच्या हाताला गुण आहे हो. आईच्या पाठीवरच्या जखमा बघा कशा भरत आल्या!" असं म्हणून ती आपल्या पुस्तकाकडे वळायची.

एकोणिसाव्या दिवशी चहा पिताना ताईनं विषय काढला. "परवाच्या गाडीचं तिकीट काढ माझं."

भावानं कप खाली ठेवला. "तिथं कोण आहे तुझं आता? तुझ्या घरमालकाला कळवलंय मी, खोली सोडतोय म्हणून. सामान पुढच्या महिन्यात आणवतो."

"मला न विचारता?"

"विचारलं असतं तर तू नाही म्हणाली असतीस. अगं, इथं व्याख्यानं, मैफली, चांगली माणसं. इथं घर मिळावं म्हणून लोक जीव टाकतात."

"मग टाकू देत की. माझा कशाला घेतोस?"

"हळू बोल, ताई. भिंतीपलीकडे ऐकू जातं."

समोर बसलेल्या भावजयेनं पुस्तकाचं पान उलटलं.

त्या दिवशी संध्याकाळी दोघं नटूनथटून मैफलीला गेली. सासूबाई छताकडे बघत पडल्या होत्या.

"तीन वर्षं झाली, मी खाली उतरले नाही," त्या म्हणाल्या.

"का? चाकाची खुर्ची तर आहे."

"मी मध्येच ओरडते ना. लेकीला लाज वाटते."

"दुखतं म्हणून ओरडता?"

"छे गं. बरं वाटतं."

ताईनं कपाटामागची खुर्ची ओढून काढली, फडक्यानं झटकली, सासूबाईंना स्वेटर आणि मोजे चढवले आणि त्यांच्या काखेत हात घालून, एका दमात त्यांना उचलून खुर्चीत बसवलं.

गल्लीत आल्याबरोबर सासूबाईंनी छाती भरून हवा घेतली आणि एक लांबलचक हाक मारली. कुणालाच नाही, नुसती हाक. दोन खिडक्या उघडल्या. व्हायोलिनवाले शेजारी गॅलरीत आले.

"सिस्टर, अहो, जरा आवाज..."

"मी त्याची सख्खी मोठी बहीण आहे," ताईनं मान वर करून, वॉर्डातल्या आवाजात सांगितलं. "आणि या त्याच्या सासूबाई. आम्ही फिरायला निघालोय."

शेजारी आत गेले. सासूबाईंनी आणखी एक हाक मारली.

गल्ली संपली तिथं मोठा रस्ता होता. थांब्यावर बस लागली, दार उघडलं. ड्रायव्हरनं ताईकडे पाहिलं. "येताय का, बाई?"

ताईचे दोन्ही हात खुर्चीच्या मुठींवर होते. उजवा सुटला, बसच्या दांडीकडे वीतभर गेला आणि तसाच थांबला.

"नाही. जा तुम्ही."

दार मिटलं.

"कुठं जाते ही बस?" सासूबाईंनी विचारलं.

"स्टेशनला."

सासूबाई पुटपुटल्या, "माझ्यामुळे अडकलीस गं तू."

ताई खाली वाकली. म्हातारीचा एक मोजा टाचेवरून निसटला होता. तो तिनं नीट वर ओढला आणि ती गार टाच बराच वेळ आपल्या तळहातात धरून ठेवली.