एक इंच

शिंपीणबाईंच्या टेपचं टोक झिजून झिजून पार चिंधी झालं होतं. चांगली टेप टाकून नवी कोण आणतंय? त्यांनी कात्री घेतली आणि पुढचा इंचभर तुकडा उडवला. तेव्हापासून माप घेतलं की मनातल्या मनात एक इंच वजा. वीस वर्षं हेच चाललं होतं आणि एक बाही कधी सैल झाली नाही.

मग नर्सबाई आल्या, गावातल्या बायकांची तब्येत मोजायला. दंडाचा घेर तेवीस सेंटिमीटरच्या आत भरला की बाईचं नाव यादीत. तिला पौष्टिक पिठाची पाकिटं आणि मोठ्या दवाखान्यात तपासणी. पण स्वतःची टेप त्या मागच्या गावात विसरून आलेल्या. शिंपीणबाईंनी मोठ्या तोऱ्यात आपली, एका बाजूला इंच अन् दुसऱ्या बाजूला सेंटिमीटर असलेली, काढून दिली आणि पुन्हा मशीनवर बसल्या. इंचाचं सांगायचं राहिलं. राहिलं कसलं, डोक्यातच आलं नाही. अंगवळणी पडलेलं तोंडावर कशाला येईल!

शिंपीणबाईंची सून तेव्हा आठ महिन्यांची पोटुशी. सगळ्यांना वाढून उरेल ते खाणारी. तिचा दंड साडेचोवीस भरला. छान आहे की, असं म्हणून नर्सबाईंनी पुढचीला बोलावलं. शिंपीणबाईंनी त्या पोरीच्या बाह्या दोनदा आत घेतल्या होत्या. पण शिकलेल्या बाईच्या आकड्यापुढे आपल्याला काय डोंबल कळतंय, म्हणून गप्प बसल्या.

सून बाळंतपणात गेली. अंगात रक्तच नव्हतं, असं डॉक्टर म्हणाले. बाळही राहिलं नाही.

महिन्याभराने नर्सबाई टेप परत द्यायला आल्या. सुनेसाठी हळहळल्या. मग म्हणाल्या, बाकी गाव सुदृढ निघालं, चौसष्ट बायकांत यादीत तिघीच. शिंपीणबाईंनी टेप घेतली. सवयीने अंगठा टोकावर गेला आणि तिथेच थिजला.

"बाई, एक इंच वजा केलात ना?"

नर्सबाईंना काही कळेना. शिंपीणबाईंनी टोक पुढे केलं. इंचांच्या बाजूला पहिलाच आकडा दोन होता.

बैल गेला अन् झोपा केला! पण त्रेसष्ट जणी अजून जिवंत होत्या. नर्सबाईंनी वही उघडली आणि एकेका आकड्यातून अडीच सेंटिमीटर वजा करू लागल्या. यादी वाढत चालली. सुनेच्या नावापाशी पेन थांबलं.

"तिचंही करा," शिंपीणबाई म्हणाल्या. "बावीस येतील. माझ्या हाताला ठाऊक होतं."