अकराव्या टेकनंतर

मित्रांनो, माझ्या डब्याचं झाकण उघडलंत तर आधी व्हिनेगरसारखा आंबट वास येईल. दचकू नका. म्हातारपणी माझ्या जातीच्या फितींना तो वास येतोच. मी ध्वनिफीत आहे. तपकिरी, करंगळीच्या नखाएवढी रुंद आणि चोवीसशे फूट लांब. मी आता इतकी ठिसूळ झाले आहे की जोरात ओढलं तर काडीसारखी तुटेन. पण तुटण्याआधी माझ्यावर काय आहे ते तुम्हाला सांगायला हवं. ते ऐकायला फार थोडे लोक तयार होते.

माझा जन्म उत्तरेकडच्या एका कारखान्यात झाला. पातळ पट्टीवर लोखंडाच्या गंजाची बारीक पूड चिकटवून त्यांनी मला घडवलं, चकतीवर गुंडाळलं आणि अमेरिकेतल्या अर्कान्सास राज्यात मार्लो फेरी नावाच्या गावी पाठवलं. तिथं लायल स्ट्रिकलँडनं ट्रॅक्टर दुरुस्तीची जुनी शेड विकत घेऊन गाणी ध्वनिमुद्रित करायची खोली थाटली होती. भिंतींना त्यानं जुन्या गोधड्या ठोकल्या होत्या. कोपऱ्यात गॅसची शेगडी होती आणि तिच्यावरून पत्र्याची नळी छपरातून बाहेर जात होती. मी नवीकोरी होते. यंत्रावर चढताना मला वाटलं, आपलं नशीब उघडलं.

तो एकोणीसशे अठ्ठावन्न साली जानेवारीतला शनिवार होता. बाहेर नदीवरून बोचरा वारा येत होता. खोलीत चौघेच होते. पियानोवर बसून गाणारा विल्बर्न, खर्जाचं तंतुवाद्य छेडणारा एक बेसवाला, ढोल-झांजांमागे बावीस वर्षांचा एझेल प्युरिफॉय आणि यंत्रापाशी स्वतः स्ट्रिकलँड. गाणं होतं ‘अल्मा जीन’. चकत्या फिरू लागल्या आणि एझेलनं कांड्या एकमेकींवर आपटून मोजलं, “एक, दोन, तीन, चार!”

काय तो वेग होता, मित्रांनो! गाणं संपलं तेव्हा विल्बर्नला धाप लागली होती.

“अरे, कुत्रं मागे लागल्यासारखा कुठं पळतोयस?” तो हसत म्हणाला.

“मला पाचच्या आत गाडी परत द्यायचीय,” एझेल म्हणाला. “मामाची आहे. ओरखडा जरी दिसला तरी माझी सालटी काढेल तो. तू तेवढा मागे राहू नकोस.”

स्ट्रिकलँडला ते गाणं पसंत पडलं नाही. त्यानं पुन्हा घ्यायला लावलं. मग पुन्हा. दर दोन टेकच्या, म्हणजे ध्वनिमुद्रणाच्या दोन खेपांच्या, मध्ये तो यंत्र थांबवी, म्हणून त्या दुपारच्या चार तासांपैकी माझ्यावर जेमतेम तासभरच कोरला गेला आहे. पण एवढ्यातही मला एक गोष्ट खटकू लागली. एझेलच्या दर मोजणीत ‘एक’ आणि ‘दोन’ यांच्यामधलं अंतर केसाएवढं वाढत होतं.

चौथ्या टेकला कुणीतरी लांबलचक जांभई दिली.

“रात्री झोपला नाहीस का रे?” स्ट्रिकलँडनं विचारलं.

“चांगला झोपलोय, मिस्टर लायल. डोकं ठणकतंय जरा. पाच मिनिटं दार उघडू का?” एझेल म्हणाला.

“दार उघडलं की सरकीच्या ट्रकांचा आवाज माझ्या गाण्यात शिरतो. दार बंदच राहील. वाजव तू.”

सातव्या टेकला बेसवाला मध्येच थांबला, तोंडावर हात धरून बाहेर पळाला आणि परत आलाच नाही. “दुपारची मासळी बाधली वाटतं,” विल्बर्न म्हणाला. त्यावर एझेल हसला, विल्बर्नही हसला. दोघं हसतच राहिले. त्यात हसण्यासारखं काही नव्हतं. ते हसू अजून माझ्यावर आहे, आणि ते मला कधीच आवडलं नाही.

नवव्या टेकला कांडी जमिनीवर पडली. “ही बोटं माझी नाहीतच जणू,” एझेल पुटपुटला.

अकराव्या टेकला त्यानं मोजलं, “एक... दोन... दोन... चार.” कुणी त्याला टोकलं नाही. गाणं पाण्याखालून चालल्यासारखं निघालं. ठोका मागे रेंगाळत होता आणि विल्बर्न झोपेत बोलावं तसा गात होता.

“हाच!” स्ट्रिकलँड ओरडला. “हाच हवा होता मला! चला, सुटलात!”

मग एझेलचा आवाज आला. “कोटाचं बटण लागत नाहीय.”

“बटण राहू दे. जा आता.”

दार उघडलं, दार मिटलं. एझेल गेला. आणि स्ट्रिकलँड त्या दिवशी यंत्र बंद करायला विसरला. त्यानंतर माझ्यावर जे उतरलं त्याचं ओझं मी अठ्ठावन्न वर्षं वाहिलं.

पुढचं मला लोकांच्या बोलण्यातून कळलं. त्याच संध्याकाळी नदीच्या बांधावरून मामाची गाडी कालव्यात गेली. एझेल गाडीतच बुडाला. तिथल्या पोलीसप्रमुखानं, शेरीफनं, कागदावर ‘दारू’ असं लिहिलं. काळ्या पोराच्या मरणाची याहून जास्त चौकशी त्या काळी तिथं होत नसे. मला शहरातल्या रेकॉर्ड कंपनीकडे पाठवलं गेलं. तिथल्या माणसानं अकराव्या टेकपर्यंत ऐकलं, त्याची प्रत काढली आणि मला डब्यात घालून तळघरात ठेवलं. ‘अल्मा जीन’ देशभर वाजलं. त्या रेंगाळणाऱ्या ठोक्याला लोक ‘झिंगलेला ठेका’ म्हणू लागले. तो कसा वाजवायचा याच्या शिकवण्या निघाल्या. स्ट्रिकलँड दर मुलाखतीत मान हलवून एकच वाक्य सांगे, “पोरगा प्यायलेला होता हो, पण काय वाजवून गेला!”

एझेलची आई चर्चच्या दारात पांढरे हातमोजे घालून लोकांना आत नेऊन बसवायची. तिच्या घरात दारूचा थेंब कधी आला नव्हता. त्या महिन्यात तिनं हातमोजे उतरवून ठेवले आणि पुन्हा कधी दारात उभी राहिली नाही. मरेपर्यंत ती मागच्या बाकावर बसली.

माझ्या डब्यावर धूळ साचली. कडेला मी आक्रसू लागले, आंबू लागले. अठ्ठावन्न वर्षांनी कंपनीनं ठरवलं की ‘अल्मा जीन’ असलेला गाजलेला अल्बम पुन्हा काढायचा आणि त्यात कधी न ऐकवलेले टेकही घालायचे. जुन्या फिती दुरुस्त करणारी तमारा नावाची बाई मेम्फिस शहरातल्या तिच्या खोलीत मला घेऊन आली. “हिला दोनदा वाजवता येईल, तिसऱ्यांदाची खात्री नाही,” ती म्हणाली. त्या दुपारी तिनं दोघांना बोलावलं होतं. विल्बर्न आणि बेसवाला आता हयात नव्हते, म्हणून कुठला टेक कुठला ते सांगायला सत्त्याऐंशी वर्षांचा स्ट्रिकलँड आला होता. दुसऱ्या होत्या ओडेसाबाई, एझेलची धाकटी बहीण. भाऊ गेला तेव्हा त्या चौदा वर्षांच्या होत्या.

पहिला टेक लागला. भावाचा हसरा आवाज ऐकून ओडेसाबाईंनी डोळे मिटले. “मामाला खरंच घाबरायचा तो,” त्या म्हणाल्या. स्ट्रिकलँड खुशीत मान डोलवत होता. चौथ्या टेकला बाईंनी डोळे उघडले. सातव्याच्या त्या हसण्यावर त्या खुर्चीत पुढे सरकल्या. नवव्याला त्यांनी हात वर केला. तमारानं मला थांबवलं.

“मिस्टर स्ट्रिकलँड, तुमच्या त्या खोलीत ऊब कशाची होती?”

“गॅसची शेगडी होती. सगळ्यांकडे असायची तेव्हा.”

“धूर जायला नळी?”

“होती की.”

“मोकळी होती?”

स्ट्रिकलँडनं मांडीवरची टोपी फिरवली.

“मी चाळीस वर्षं इस्पितळात काढली,” ओडेसाबाई म्हणाल्या. “हिवाळ्यात अख्खी घरंच्या घरं आणायचे आमच्याकडे. आधी डोकं दुखतं, मग ओकारी, मग उगाच हसू येतं, मग बोटं ऐकत नाहीत. कोंडलेल्या शेगडीच्या त्या विषारी वायूला वास नसतो. ही दारू नव्हे, मिस्टर स्ट्रिकलँड.”

“इतक्या वर्षांमागचं कुणी काय सांगावं, ओडेसा,” तो म्हणाला. “चालू कर, पोरी. दोनच राहिलेत.”

दहावा झाला. अकरावा झाला. बटण लागलं नाही, दार मिटलं. तमाराचा हात कळीकडे गेला. तेवढ्यात माझ्यावरून स्टूल सरकल्याचा आवाज आला आणि म्हातारा अर्धवट उठला. “बस्स. यापुढे काही नाही. बंद कर.”

“राहू दे, बाळ,” ओडेसाबाई म्हणाल्या. “माझ्या भावाचा आवाज परत आला तर?”

तमारानं हात मागे घेतला. भावाचा आवाज आला नाही. आला तो एकोणतीस वर्षांच्या लायल स्ट्रिकलँडचा.

“विल्बर्न, इकडे ये. या नळीत हात घाल.”

“काय आहे?”

“घरटं. गच्च भरलंय गवतानं. सगळा धूर आतच राहिला आज.”

मग विल्बर्नची जड जीभ, “लायल, एझेल याच अवस्थेत गाडी घेऊन गेलाय. त्याला बटण लागत नव्हतं रे. तुझी गाडी काढ. बांधावर गाठशील त्याला.”

“गाठून काय सांगू? माझ्या खोलीत विष होतं म्हणून? उद्या कोण पाऊल ठेवेल इथं? वारा लागला की होईल ठीक.”

“लायल...”

“कुणाशी बोलायचं नाही. ऐकलंस? कुणाशीही नाही.”

दोघं अडखळत बाहेर पडले. त्यानंतर माझ्या शेवटापर्यंत रिकाम्या खोलीत जळत राहिलेल्या शेगडीचा सूं-सूं आवाज होता. तिघंही तो ऐकत बसले. माझं टोक सुटून चकतीवर फटफट आपटू लागलं तरी कुणी हललं नाही.

“मी एकोणतीस वर्षांचा होतो,” स्ट्रिकलँड शेवटी म्हणाला.

“एझेल बावीसचा होता,” ओडेसाबाई म्हणाल्या. “अजून बावीसचाच आहे.”

म्हाताऱ्यानं टोपी उचलली. दारात वळून म्हणाला, “हे बाहेर काढायला माझी सही लागते. ती मिळायची नाही.”

तो खरं बोलत होता. जुन्या करारानुसार न छापलेल्या टेकचा मालक तोच होता. आठवड्याभरात त्याच्या वकिलाचं पत्र आलं की मूळ फीत परत करा आणि काढलेली प्रत पुसून टाका. कंपनीनं ऐकलं. तमारानं मला कागदात गुंडाळून डब्यात घातलं. मी मार्लो फेरीला परत निघाले. कशासाठी बोलावलंय ते मला ठाऊक होतं.

स्ट्रिकलँडच्या स्वयंपाकघरात मी तीन आठवडे चुलीवरच्या फळीवर होते. त्या उष्णतेत माझा वास वाढत गेला. तो येता-जाता माझ्याकडे बघे आणि नजर वळवे. एकदा त्यानं मला खाली घेतलं, चुलीचं दार उघडलं, आणि पुन्हा वर ठेवलं. मग एका मंगळवारी सकाळी त्यानं टेबलावरचे कप बाजूला सारले, अडगळीतलं आपलं जुनं यंत्र आणून ठेवलं आणि मला त्यात ओवलं.

मित्रांनो, त्या यंत्रात लाल कळ दाबली की फीत आधी पुसणाऱ्या लोखंडावरून जाते. तिथं जुनं सगळं नाहीसं होतं. अकरावा टेक संपेपर्यंत त्यानं मला पळवत नेलं आणि थांबवलं. त्याचा अंगठा लाल कळीवर होता. माझ्यावरचे एझेलचे शेवटचे शब्द नुकतेच मागे पडले होते. आता विल्बर्नची विनवणी जाणार, ती नळी जाणार, ओडेसाबाईंचा भाऊ पुन्हा दारुड्या ठरणार. ओरडता आलं असतं तर मी ओरडले असते.

पण त्यानं लाल कळ दाबली नाही. नुसतंच वाजवलं. स्वतःचा तरुण आवाज त्यानं एकट्यानं ऐकला, ‘कुणाशीही नाही’ इथपर्यंत. शेगडीची सूं-सूं सुरू झाली तेव्हा त्यानं मला थांबवलं, माईक जवळ ओढला आणि मग ती कळ दाबली.

“मी लायल स्ट्रिकलँड,” तो म्हणाला. खोकला आला, तोही माझ्यावर आहे. “एझेल प्युरिफॉय त्या दिवशी प्यायलेला नव्हता. माझ्या शेगडीची नळी तुंबली होती. तो निघाला आणि पाच मिनिटांत मला ते कळलं. बांधावर त्याला गाठता आलं असतं. मी गेलो नाही. दफनाच्या दिवशी त्याच्या आईनं मला विचारलं, मिस्टर स्ट्रिकलँड, माझं पोर प्यायलं होतं का? मी हो म्हणालो.”

त्याच्या आवाजाखाली शेगडीचा आवाज पुसला गेला. माझ्यातलं तेवढंच गेलं.

त्यानं मला कंपनीकडे धाडलं नाही. सही केलेल्या कागदासकट ओडेसाबाईंच्या घरी पाठवलं. तमाराला बोलावून त्यांनी ते उभ्यानं ऐकलं; त्याच खेपेला तमारानं माझी नवी प्रत काढून घेतली. “आईच्या प्रश्नाचं उत्तर आलं,” त्या म्हणाल्या. “उशिरा आलं.” स्ट्रिकलँडचे फोन येत राहिले, पण बाईंनी एकदाही उचलला नाही. मला वाटतं, त्यांच्या जागी मीही उचलला नसता.

अल्बम निघाला तो पहिल्यापासून अकराव्यापर्यंतच्या सगळ्या टेकसह, मधलं बोलणं न कापता, आणि त्यापुढचंही ठेवून. आता त्या ठेक्याला कुणी झिंगलेला म्हणत नाही. काहींना तो ऐकवतच नाही.

मी आता थंड, कोरड्या खोलीत असते. पण आम्हा फितींची एक खोड तुम्हाला ठाऊक नसेल. वर्षानुवर्षं गुंडाळून ठेवलं की एका वेढ्यातला आवाज शेजारच्या वेढ्यात झिरपतो. म्हणून मित्रांनो, जुन्या फितींना डब्यात घालून विसरू नका. त्या अधूनमधून उलगडा, गार जागी ठेवा, आणि ऐकाल तेव्हा गाणं संपलं म्हणून लगेच उठू नका. शेवटपर्यंत बसा. माझ्या वाटचं झिरपणं सुरू झालं आहे. परवा तमारानं मला तपासलं. स्ट्रिकलँडच्या कबुलीच्या मागे, अगदी पुसट, कान दिला तरच ऐकू येईल असा दुसरा एक आवाज उमटू लागला आहे. तोही त्याचाच आहे. तो म्हणतो आहे, कुणाशीही नाही.