नव्या वर्षाचा कागद

दर जानेवारीत, वायोमिंगच्या त्या उघड्या माळावर बर्फ गुडघ्याला लागत असताना, मर्ल टॉलिव्हर आपला खिळखिळा ट्रक रेटत मेंढरांपाशी यायचा. मेंढपाळ तिमोतेओच्या चाकांवरच्या घराचं दार ठोठावायचा, कॉफीची पुडी आणि कांद्यांची पिशवी आत ठेवायचा, आणि खिशातून चार घड्या घातलेला एक कागद काढून त्याच्या हातात द्यायचा.

"घे बाबा, नवं वर्ष लागलं. जपून ठेव."

एवढंच. मर्लला जास्त बोलायची सवय नव्हती आणि तिमोतेओ पोमाला इंग्रजी वाचता येत नव्हतं. कागदावर शिक्का होता, स्वतःचं नाव होतं, तेवढं त्याला ओळखू यायचं. पेरूच्या डोंगरातल्या त्याच्या गावी पाद्री नव्या वर्षाला घरोघर असाच लिहिलेला आशीर्वाद वाटायचा. मालकानंही तेच चालवलंय असं धरून तिमोतेओ तो कागद डोळ्यांना लावी आणि बायबलमध्ये ठेवून देई. तीन वर्षं इथं, मग व्हिसाच्या नियमाप्रमाणे तीन महिने गावी, पुन्हा तीन वर्षं, असे एकोणीस उन्हाळे गेले. बायबल फुगलं. पण त्या कागदात काय लिहिलंय हे त्यानं कधी कुणाला विचारलं नाही. आशीर्वाद कुणी वाचून घेतो का?

मर्ल डिसेंबरात गेला. जानेवारीत कागद आला नाही. देणाराच उरला नाही तर कागद कुठून येणार, म्हणून तिमोतेओ एकटाच रडला आणि मेंढरांना वैरण टाकायला निघाला.

जूनमध्ये कळप डोंगरावर चढवायची वेळ आली. जंगलात चराईला शिरायची तारीख सरकारनं ठरवलेली, ती हलत नाही. निघायच्या आदल्या दिवशी तिमोतेओ मर्लच्या मुलीकडे, कॉलीनकडे, दर उन्हाळ्यात मर्ल द्यायचा ती बंदूक मागायला गेला. अकरा वर्षांची असताना त्यानंच तिला पहिल्यांदा घोडीवर बसवलं होतं. ती त्याला तियो म्हणे, म्हणजे काका.

"तियो, बंदुका मी वसंतातच विकल्या," ती खाली बघत म्हणाली. "वकील म्हणाले, व्हिसावर आलेल्या माणसाच्या हाती बंदूक सापडली तर तो तुरुंगात आणि देणारीही तुरुंगात. बाबांनी इतकी वर्षं कसं निभावलं देव जाणे."

"पोरी, मी ती कुणावर रोखतो का? अस्वल आलं की हवेत बार काढतो. मागचा उन्हाळाभर मिळून चार गोळ्या उडाल्या."

"मला ठाऊक आहे हो. पण माझ्या नावाची बंदूक तुमच्या हाती नको. तुमच्या नावानं मिळत असेल तर घ्या, मी अडवणार नाही."

दुपारी सबिनोनं त्याला ट्रकमधून गावात नेलं. सबिनो तिक्से त्याच्याच खोऱ्यातला, पूर्वी मेंढपाळ, आता डोंगरावर शिधा पोचवणारा. त्याच्या धाकट्या मुलीचा धर्मपिता तिमोतेओ, म्हणून दोघं एकमेकांना कोंपाद्रे म्हणत. सबिनोनं इथल्याच एका विधवेशी लग्न केलं होतं आणि त्याला कायम राहायचं कार्ड मिळालं होतं. मागे बसला होता बिशप, तिमोतेओचा राखणीचा कुत्रा. पांढरा शुभ्र, अंगानं आडवा, चालीनं भारदस्त. बिशप म्हणजे मोठा पाद्री; हे नाव मर्लनंच ठेवलेलं. तिमोतेओ प्रार्थनेला बसला की तोही मान खाली घालून बसायचा, आणि ससा दिसला की सगळं बिशपपण विसरून धावायचा.

दुकानात शिरताच तिमोतेओला ती दिसली. मर्लची बंदूक, भिंतीवर, तिसऱ्या खुंटीला. तिला अजून त्याच्याच हातचा पट्टा होता, गावच्या लोकरीचा, लाल-काळा, एका हिवाळ्यात बसून विणलेला.

दुकानदार ऑरिन बेकचं स्पॅनिश मेंढपाळांकडूनच उचललेलं, मोडकं पण धीट. त्यानं फॉर्म पुढे ओढला. "तिमो, राहतोस कुठं?"

"गाडीत."

"गाडी कुठं असते?"

"हिवाळ्यात माळावर, उन्हाळ्यात डोंगरावर. दहा-बारा दिवसांनी हलते."

"अरे माणसा, सरकारला न हलणारं घर लागतं!"

"मग सरकारला म्हणावं, मेंढरांना समजाव," सबिनो म्हणाला. ऑरिन हसला, मग त्यानं मालकाच्या मेंढवाड्यावरचा पत्ता लिहिला. मेंढ्या वितात तेव्हा महिना-दीड महिना तिमोतेओ तिथंच झोपतो, त्याची पेटीही तिथंच असते, हे खोटं नव्हतं.

"नागरिक? नाही. कायमचं कार्ड? नाही. एकोणीस वर्षं आणि तू अजून पाहुणाच?"

"तीन-तीन वर्षांचा पाहुणा," तिमोतेओ म्हणाला.

"पाहुण्याला बंदूक मिळत नाही. एकच वाट आहे. शिकारीचा चालू परवाना असला तर घेताही येते, बाळगताही येते. आहे?"

"मी कधी शिकार केली नाही, साहेब."

"केलीस का हे नाही विचारत. परवाना आहे का? मर्ल दर जानेवारीत माझ्याच दुकानातून घेऊन जायचा की, तुझ्या नावाचा. ससे आणि तितर मारायचा, सगळ्यात साधा."

तिमोतेओनं पिशवीतून बायबल काढलं आणि उघडलं. एकोणीस कागद काउंटरवर पसरले. ऑरिननं एकेक बघितला, आणि चष्मा काढून बाजूला ठेवला. सबिनोनं कोंपाद्रेच्या पाठीवर हात ठेवला. ज्याला तो आशीर्वाद समजत होता तो आशीर्वादच होता. मर्ल न सांगता त्याच्यावर दर वर्षी कायद्याचं पांघरूण घालत होता, आणि डिसेंबरच्या शेवटच्या दिवशी ते आपोआप गळून पडत होतं.

"नवा घेतो," तो शेवटी म्हणाला.

परवाना पाच मिनिटांत मिळाला. मग ऑरिननं पासपोर्ट आणि देशात शिरल्याचा नंबर टाकून सरकारकडे चौकशी पाठवली. तिघं पडद्याकडे बघत उभे राहिले. उत्तर आलं, थांबा.

"नाही म्हणाले?" तिमोतेओनं विचारलं.

"नाही म्हणत नाहीत, हो पण म्हणत नाहीत. बाहेरच्या माणसाची दुप्पट तपासणी. कामाचे तीन दिवस. शनिवार-रविवार धरायचे नाहीत."

"आम्ही उद्या पहाटे निघतो."

सबिनोनं खिशातून आपलं कार्ड काढून काउंटरवर टाकलं. "माझ्या नावानं कर. अर्ध्या तासात होईल. पैसे त्याचे, बंदूक तोच वापरेल. घरात मला नकोच आहे, बायकोचा पहिला नवरा बंदुकीनंच गेला."

ऑरिनचा चेहरा बदलला. "हे तू बोललास आणि मी ऐकलं. आता मी करू शकत नाही. दुसऱ्या कुणाच्या दुकानात न बोलता केलंस तरी कागदावरचं खोटं ते खोटंच. सापडलास तर हे कार्ड गेलं, सबिनो. तू तुरुंगात, मग देशाबाहेर. पोरी इथं राहतील."

"कोण सांगणार आहे? गावात दुसरं दुकान आहे. चल, कोंपाद्रे."

तिमोतेओच्या डोळ्यांपुढे मागच्या वर्षीचं अस्वल उभं राहिलं आणि त्याच्यासमोर गुरगुरणारा बिशप. आणि ती पोरगीही, जिच्या कपाळावर बाप्तिस्म्याचं पाणी पडताना त्यानं तिला उचलून धरलं होतं. त्यानं कार्ड उचललं आणि सबिनोच्या खिशात परत घातलं, वरून बटण लावलं.

"तुझ्या पोरीचं नाव मी देवापुढं घेतलंय. तिच्या बापाला मी तुरुंगात घालू? ठेव ते."

"आणि अस्वल आलं तर? बायबल वाचून दाखवणार आहेस?"

"पातेलं वाजवीन."

पुढच्या बुधवारी सरकार हो म्हणालं. सबिनोनं शिधा आणताना निरोप दिला. पण बंदूक ज्यानं घेतली त्यानंच समोर येऊन न्यायची, दुसऱ्याकडे देत नाहीत. हजार मेंढरं सोडून खाली उतरायचं कसं? कॉलीन म्हणाली, बदली माणूस पाठवते. पण गवत कापायचे दिवस, एक माणूस मोकळा नाही. या आठवड्यात, पुढच्या आठवड्यात, असं जुलै उलटत आला.

अस्वल आलं ते सकाळी, ऊन चढल्यावर, अगदी राजरोस. तिमोतेओ चहा उकळत होता. मेंढरांची लाट एकदम फुटली तसा तो पातेलं आणि पळी घेऊन धावला. जीव खाऊन वाजवलं, ओरडला, आईला, मर्लला, सगळ्या संतांना हाका मारल्या. अस्वलानं एकदा वळून बघितलं, जणू कोण हा वाजंत्री. मेंढरू तोंडात धरलेलं होतं, ते टाकून अस्वल निघालंही असतं. पण बिशप मध्ये पडला होता.

अस्वल गेलं तेव्हा बिशपचं पोट फाटलेलं होतं. तिमोतेओनं सदरा काढून बांधला, पण बांधताना त्यालाच कळत होतं. अशा वेळी मेंढपाळ काय करतो ते त्याला ठाऊक होतं. एक गोळी, डोळे मिटून. हात आपसूक खांद्याकडे गेला. तिथं काही नव्हतं. चाकू काढला, गळ्याशी नेला. बिशपनं त्याचा हात चाटला, आणि चाकू गवतात पडला.

त्याचा बाप गावच्या देवळात वीणेसारखं मोठं तंतुवाद्य मांडीशी घेऊन कथा गायचा. गोष्ट सांगता सांगता गाण्यात शिरायचा, गाताना पुन्हा गोष्टीत यायचा, आणि बायाबापे हुंदके देत ऐकायचे. तिमोतेओला हरवलेल्या मेंढराची कथा तोंडपाठ होती. ती त्यानं बिशपचं डोकं मांडीवर घेऊन गायला सुरुवात केली. नव्याण्णव मेंढरं डोंगरावर सोडून मालक एकासाठी काट्याकुट्यांतून निघतो, इथपर्यंत आला की गाणं तुटायचं, मग पुन्हा पहिल्यापासून. सूर्य डोक्यावर आला, कलला. चार वेळा कथा झाली. पाचव्या वेळी मालक मेंढराला खांद्यावर घेतो तिथं आला, तेव्हा मांडीवरचं डोकं जड झालेलं होतं. त्यानं कथा मात्र पुरी केली. मधेच सोडलेली कथा बापाला चालत नसे.

दगड वेचून त्याच्यावर ढीग रचायला दुसरा दिवस लागला.

सप्टेंबरात कळप खाली आला. करार संपत होता, ऑक्टोबरात विमान होतं, आणि या खेपेला परत यायचं नाही असं तिमोतेओनं ठरवलं होतं. सबिनो न विचारताच ट्रक दुकानापाशी घेऊन गेला.

"आलास!" ऑरिननं भिंतीकडे हात केला. "तुझ्याचसाठी ठेवलीय. सरकारचा हो तीस दिवसच टिकतो, तो संपला. पण पुन्हा विचारू, काय जातंय? परवाना डिसेंबरपर्यंत चालतो. काढ."

"बंदूक नको, साहेब. तो पट्टा माझा आहे. माझ्या हातचा."

ऑरिननं बंदूक खाली घेतली, पट्टा सोडवला आणि हातात दिला. "याला काही लिहून द्यावं लागत नाही," तो पुटपुटला. मग उगाच काहीतरी बोलायचं म्हणून म्हणाला, "आणि परवाना? तो तरी दे, बघू."

"तो वर आहे. बिशपपाशी, दगडांखाली."

"तिथं कशाला?"

तिमोतेओ पट्टा हातावर गुंडाळत होता. "ससे मारायचा होता ना तो, साहेब," तो म्हणाला. "आमच्या दोघांत सशांमागे तोच धावायचा."