निघून जायचा डाव

जुन्या फर्निचरच्या त्या व्यापाऱ्याला सगळा बाजार 'निम्मे' म्हणायचा. समोरच्याने काहीही भाव सांगो, हा गडी निम्म्यापासून सुरुवात करणार. आज मात्र तो हॉस्पिटलच्या काउंटरपाशी उभा होता आणि मागे व्हीलचेअरवर बायको पोट धरून कण्हत होती. अपेंडिक्स कुठल्याही क्षणी फुटेल, लगेच ऑपरेशन करायला हवं, असं डॉक्टर सांगून गेले होते.

"किती होतील?" त्याने विचारलं.

"ते ऑपरेशन झाल्यावरच कळेल," काउंटरवरची बाई म्हणाली. "आत्ता ॲडव्हान्स भरा आणि इथे सही करा."

त्याचं डोकंच फिरलं. आधी घेऊन जा, भाव मागून सांगतो, असं मोडक्या स्टुलासाठी कुणी म्हटलं असतं तर त्याने त्याला बाजारातून उठवलं असतं.

"ॲडव्हान्स निम्मा करा."

"काका, तसं होत नाही इथे."

"मग दुसरीकडे विचारतो."

"विचारा की. वाटेत फुटलं तर जबाबदारी तुमची."

आता राहिला शेवटचा डाव. तीस वर्षांत तो कधी फुकट गेला नव्हता. त्याने पिशवी उचलली, "राहू द्या मग," म्हणाला आणि दाराकडे चालू लागला. वीस पावलांच्या आत विकणारा हाक मारतोच, हा त्याचा अनुभव. दारात तो थांबला, सगळं लक्ष काउंटरकडे. मूर्ख कुठला! अडलेलं कोण आहे, हे शेंबड्या पोरालाही कळलं असतं. बाईने तोवर पुढच्या माणसाचे कागद हातात घेतले होते. तो मुकाट्याने परत आला आणि न वाचताच सही करून मोकळा झाला.

ऑपरेशन व्यवस्थित पार पडलं. तिसऱ्या दिवशी शेजारच्या खाटेवरच्या बाईचं बिल त्याच्या नजरेस पडलं. तेच ऑपरेशन, तेच डॉक्टर, आणि आकडा कितीतरी कमी. तिच्या विमा कंपनीने म्हणे भाव आधीच ठरवून घेतला होता. त्याच्या अंगाचा तिळपापड झाला.

"लुटारू आहेत लेकाचे," तो बायकोजवळ बसत म्हणाला. "दारात एवढा वेळ उभा राहिलो, पण एकाने हाक मारली नाही."

ती भिंतीकडे तोंड करून पडली होती.

"मी मारली होती," ती म्हणाली. "दोनदा."