शून्य नंबरची मिजास

मित्रांनो, मी एक जुना चपटा ब्रश आहे. डुकराचे राठ केस, पत्र्याची पट्टी आणि लाकडी दांडा, एवढाच माझा थाट. भिवंडीच्या धामणकर नाक्यावरून नेत्राने मला आणले, तेव्हा तिला तेलरंगातले ओ की ठो कळत नव्हते. रंग कालवायला ती माझ्याच जिवावर शिकली.

मग चित्रकलेच्या मेघाली मॅडम म्हणाल्या, "आता एका थोर चित्रकाराचं चित्र बघून काढ. जमलं तर प्रदर्शनात लावू." उंबऱ्यावर फुले निवडत बसलेल्या बाईचे चित्र होते ते. त्यासाठी घरात शून्य नंबरचा ब्रश आला. मऊ केसांचा, आणि केस तरी किती, मोजून चार! नेत्रा त्याला साबणाने न्हाऊ घाली, टोपण घाली. मी रॉकेलच्या डब्यात उभा. माझा नुसता जळफळाट होई.

नेत्राचे वडील काळूराम लूमवर कामाला. कापड बघतच वाढलेली ही पोर! तिने त्या बाईची साडी शून्य नंबरने धागा न् धागा रंगवली, उभे आणि आडवेही. ड्युटीवरून आलेले काळूराम हरखून गेले. "काय झ्याक इनलंस गं पोरी! एक बी तार तुटली न्हाय!"

माझ्या अंगाचा तिळपापड झाला.

मॅडमनी मात्र चित्र पाहून मान हलवली. "नेत्रा, कापड छान झालंय. पण आत बाई कुठाय? असं नाही लावता येणार." नेत्राचे डोळे भरले. आणि खरे सांगतो, मला आनंदाच्या उकळ्या फुटल्या.

"चपटा ब्रश घे. आधी गुडघा बघ, मग निऱ्या," मॅडम म्हणाल्या. नेत्राने ओले धागे पुसले, मला उचलले आणि कमरेपासून गुडघ्यापर्यंत एकच फटकारा ओढला. साडीखाली गुडघा उभा राहिला. बाई खरोखर बसली! आता त्या चार केसवाल्याची मिजास उतरणार, असे मला वाटले.

पण शेवटी नेत्राने त्यालाच घेतले आणि बाईच्या डोळ्यांत पांढरा ठिपका टेकवला. झाले! चित्र प्रदर्शनात लागले. घरी येऊन काळूराम सगळ्यांना सांगत सुटले, "तिचं डोलं कसं बोलत्यात बघा!" गुडघ्याचे नाव कोणी काढले नाही.

घरच्यांच्या त्या आनंदात मी न धुता तसाच राहिलो आहे. साडीचा निळा रंग माझ्या मुळाशी घट्ट होतो आहे. तो एकदा वाळला, की ब्रशची नुसती काठी उरते. आताच नेत्रा साबण घेऊन आली, आणि उचलले कोणाला? त्यालाच!

मित्रांनो, काम संपले की ब्रश लगेच धुवा. लहानमोठे सगळे धुवा. फक्त मला आधी धुवा.