हिमनदीचं नवं तोंड

नदीची पातळी मोजणाऱ्या बाईचं डोकं सकाळपासूनच तापलं होतं. तिची मोजपट्टी कोरड्या गोट्यांत उभी होती आणि साहेब खूश होते.

"पाणी ओसरलं की! उगीच घाबरवता तुम्ही."

"ओसरलं नाही साहेब, सरकलंय. वितळलेल्या पाण्यानं वरच्या हिमनदीच्या पोटात नवं भुयार कोरलंय. आता ते पलीकडच्या तोंडातून बाहेर पडतं आणि थेट कामगार वस्तीचा काठ खातंय. तीनदा लिहून दिलंय मी."

"बघू. पुढच्या बैठकीत घेऊ."

तिच्या तळपायाची आग मस्तकात गेली. वस्तीखाली खडक नव्हताच. हिमनदीच्या पाण्यानंच कधीकाळी आणून टाकलेली वाळू होती नुसती.

ती तडक वस्तीत गेली आणि दारं बडवत सुटली. लोक कुरकुरत का होईना, टेकडीवरच्या शाळेकडे निघाले. अडून बसले ते तिचेच सासरे.

"साहेबांचा हुकूम आहे?"

"नाही."

"मग मी नाही हलत. सून सासऱ्याला घराबाहेर काढणार का आता?"

"हो, काढणार!" ती ओरडली. त्यांच्यापुढे तिचा आवाज पहिल्यांदाच चढला होता. एका हातात औषधांची पिशवी, दुसऱ्यात त्यांचा दंड धरून तिनं त्यांना ओढतच वर नेलं. वाटभर ते तिच्या माहेरचा उद्धार करत होते.

दुपारी तीनच्या सुमारास काठ ढासळला. आधी सासऱ्यांचं अंगण, मग स्वयंपाकघर, मग अख्खं घर. शेजारची तीन घरंही त्या करड्या, गढूळ लोंढ्यात गेली. सासरे बघत राहिले.

संध्याकाळी साहेब जीपमधून आले, तयार अहवाल घेऊनच.

"इथं सही करा. 'नदीनं अचानक पात्र बदललं.' बस्स, एवढंच."

"अचानक?" तिनं तो शब्द असा खोडला की कागद फाटला. वर आपल्या तिन्ही पत्रांच्या तारखा लिहिल्या आणि मग सही केली.

"महागात पडेल, बाई."

"पडू दे! माणसं गेली असती तरी हेच लिहिलं असतंत ना?"

साहेबांनी कागदाकडे हात नेला, पण सासऱ्यांनी तो आधीच ओढून घेतला होता.

"पेन दे गं," ते सुनेला म्हणाले. "साक्षीदार म्हणून माझीही सही राहू दे."

तिनं पेन दिलं.