तिकिटांचे दुष्परिणाम

माझ्या धाकट्या बहिणीने तीस वर्षं औषधाच्या दुकानात काढली. विकायची वस्तू गिऱ्हाइकाच्या हातात देण्याआधी तिचे दुष्परिणाम सांगायचे, ही सवय तिला तिथे लागली. निवृत्त झाल्यावर साठवलेली सगळी पुंजी घालून तिने राष्ट्रीय लॉटरीचा ठेला घेतला. सवय दुकानात ठेवून यायला ती विसरली.

लॉटरीचे खेळ तीन, आणि प्रत्येकाला बक्षीस एकच. 'महाभाग्य'चं तिकीट दहाला, बक्षीस पाच कोटी. 'पंचरत्न' पाचाला, बक्षीस पाच लाख. 'तिहेरी' दोनाला, बक्षीस एक हजार. हे सगळं रंगीत जाहिरातींवर होतंच. बहिणीने शेजारी एक पांढरा पुठ्ठा टांगला आणि जाहिराती जे सांगायला विसरल्या होत्या ते जाड पेनाने लिहिलं: बक्षीस लागण्याची शक्यता किती, आणि शंभराची तिकिटं घेतली तर सरासरी परत किती येणार.

महाभाग्य: एक कोटीत एक, परत पन्नास. पंचरत्न: सव्वातीन लाखांत एक, परत एकतीस. तिहेरी: हजारात एक, परत पन्नास. त्याखाली चौथी ओळ होती. काहीच न घेणे: खर्च शून्य, परत शंभर.

ठेल्यापुढे गर्दी होऊ लागली. तिकिटासाठी कमी, वाचनासाठी जास्त.

"ताई, म्हणजे मी बावीस वर्षं कोटीत एक व्हायची वाट बघतोय?" बसचा ड्रायव्हर म्हणाला.

"हो. आणि दर आठवड्याला पहिल्यापासून."

"बावीस वर्षांचं काहीच धरत नाहीत?"

"ही काय नोकरी आहे, सेवाज्येष्ठता धरायला?"

ड्रायव्हरने सुस्कारा सोडला आणि दोनाचं तिकीट घेतलं. त्याच्या मागचा शिंपी म्हणाला, "मला चौथं द्या." बहीण म्हणाली, "दिलं. जपून ठेवा."

महिन्याभरात तिची 'तिहेरी' तिपटीने खपू लागली. ही बाई खरं सांगते म्हटल्यावर चार गल्ल्या सोडून लोक येऊ लागले. पण 'महाभाग्य' निम्म्यावर आलं, आणि तिला तिकिटं पुरवणाऱ्या घाऊक विक्रेत्याचा खरा मलिदा त्यातच होता. त्याने लॉटरी खात्याकडे तक्रार ठोकली. नियम असा होता की, जिंकण्याची शक्यता आहे त्यापेक्षा कमी दाखवणाऱ्याचा परवाना रद्द आणि अनामत जप्त. बहिणीची पुंजी म्हणजे ती अनामतच.

"पुठ्ठा उतरव," मी म्हणालो. "उगाच विषाची परीक्षा कशाला?"

"दादा, विषाच्या बाटलीवर चिठ्ठी लावायचा मला तीस वर्षांचा अनुभव आहे."

मंगळवारी सकाळी निरीक्षक आले. सडपातळ, इस्त्रीचे आणि खिशात चार पेनं असलेले. परवाना त्यांनी आधी स्वतःच्या फायलीत घातला, मग पुठ्ठ्याकडे पाहिलं. बहिणीने टेबलाच्या कडेला धरलं होतं. बोटं पांढरी पडली होती, चेहरा मात्र दुकानातल्यासारखाच.

"हे आकडे कुठून आणले?"

"तिकिटाच्या मागे खेळाचे नियम आहेत. त्यावरून काढले."

"मी पडताळून बघणार."

"बसा ना. दादा, साहेबांना स्टूल दे."

मी माझंच स्टूल दिलं. साहेबांनी कागद काढला. 'महाभाग्य'ला जुळवायचे एकोणपन्नासातले सहा आकडे, म्हणून एकोणपन्नास गुणिले अठ्ठेचाळीस गुणिले सत्तेचाळीस... ठेल्यापुढची रांग वाढत गेली. शिंपी कापायला घेतलेला कोट हातात घेऊनच आला होता. ड्रायव्हर हळूच म्हणाला, "साहेब, हातचा एक राहिला."

"राहिलेला नाही!" साहेब गरजले, आणि हातचा एक धरला.

पाऊण तासाने त्यांनी मान वर केली. चेहऱ्यावर विजय झळकत होता.

"सापडली! चूक सापडली!"

बहीण शांतपणे म्हणाली, "कोणती?"

"एक कोटीत एक? साफ चूक! एक कोटी एकोणचाळीस लाख त्र्याऐंशी हजार आठशे सोळांत एक! परत पन्नास नाही, पस्तीस पूर्णांक शहात्तर! आणि पंचरत्नचे एकतीस नाहीत, तीस पूर्णांक ऐंशी!"

ड्रायव्हर म्हणाला, "अरेरे! म्हणजे ताई आम्हाला लाडाने सांगत होत्या?"

साहेबांचा विजय जागच्या जागी थबकला. शक्यता कमी दाखवणाऱ्याला शिक्षा होती; बहिणीने तर ती जास्त दाखवली होती. जास्त दाखवणाऱ्याबद्दल नियमपुस्तकात चकार शब्द नव्हता, कारण ते काम खातं स्वतःच करत असे. साहेबांनी दोनदा पानं उलटली. पुस्तक काही बोललं नाही.

"तीस वर्षं मिलिग्रॅम मोजलेत ना तुम्ही? मग एवढी चूक कशी?" त्यांनी विचारलं.

"चूक नव्हे हो. सुरुवातीला डोस कमीच द्यायचा असतो. एकदम कशाला घाबरवा?"

रांग हसली. पण साहेब जातीचे हिशेबी होते. चुकीचा आकडा समोर दिसत असताना निघून जाणं त्यांना जमेना. त्यांनी चारांतलं सगळ्यात चांगलं पेन काढलं आणि बहिणीचे आकडे खोडून आपले, ठसठशीत, दशांश चिन्हासकट लिहिले. तिहेरीच्या ओळीवर बरोबरची खूण केली. चौथ्या ओळीशी बराच वेळ थांबले. एकदा कागदावर गुणाकारही करून पाहिला.

"हीसुद्धा... बरोबर आहे," ते जड आवाजात म्हणाले.

"मग तपासल्याची सही लागेल ना, साहेब?" बहीण म्हणाली. "नाहीतर लोक म्हणतील, आकडे मीच लिहिले."

साहेबांनी सही केली. सही केली की शिक्का मारायचा, हे हाताला इतकं अंगवळणी पडलेलं की शिक्काही बसला. मग, तपासणी झालीच म्हणून, फाईल उघडून त्यांनी परवान्यावर पुढच्या पाच वर्षांची मुदत चढवली आणि तो दोन्ही हातांनी परत दिला. शिंप्याने कोट हवेत फिरवला. टाळ्या अशा वाजल्या की समोरच्या बँकेतला पहारेकरी बाहेर येऊन विचारू लागला, "कोणाला लागली?"

"ताईंना!" सगळी रांग एका सुरात ओरडली.

दुपारी घाऊक विक्रेत्याचा फोन आला. तो इतका मोठ्याने ओरडत होता की मला स्टुलावर बसून सगळं ऐकू येत होतं. तो पुठ्ठा आजच्या आज खाली आला पाहिजे म्हणे.

बहिणीने त्याला पुरतं बोलू दिलं. मग म्हणाली, "अहो, माझा काय संबंध? साहेबांना विचारा. अक्षर त्यांचं आहे."